गोलावरची सरळ रेषाही ग्राह्य धरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘तिन्ही कोन काटकोन असलेला त्रिकोण काढता येईल का?’ असं कोडं होतं. उत्तर छापून आलं, ‘अशक्य, कारण कोनांची बेरीज १८० अंशच असते.’ आमच्या आठवीच्या मुलींनी ‘येतो, गोलावर’ असं कारण आणि आकृतीसह कळवलं होतं. ते चुकीच्या उत्तरांत जमा झालं, याचं मला फार वाईट वाटलं. ‘सपाट कागदावर’ अशी अट कोड्यात कुठेही नव्हती.

मुलींनी हे मोसंबीवर करून पाहिलं होतं. (अंबडकडे मोसंबीला काय तोटा!) देठ म्हणजे उत्तर ध्रुव. बरोबर मधोमध विषुववृत्ताचा दोरा, आणि देठापासून त्या दोऱ्यापर्यंत आणखी दोन दोरे, देठाशी एकमेकांना काटकोनात. खालचे दोन्ही कोपरेही काटकोनच निघाले. बेरीज २७० अंश, आणि त्रिकोणात सालीचा आठवा हिस्सा.

यावर ‘त्या रेषा वाकड्याच की’ असं म्हणतात. पण पृष्ठभाग न सोडता, डावीउजवीकडे कुठेही न वळता जाते ती त्या पृष्ठभागावरची सरळ रेषा. ताणलेला दोरा ते लगेच दाखवतो. देठाच्या जरा खाली अक्षवृत्तासारखा दोरा गुंडाळून आवळला, की तो देठाकडे सरकून निसटतो. मधोमधचा जागचा हलत नाही. म्हणजे विषुववृत्त सरळ, बाकीची अक्षवृत्तं नाहीत. तेव्हा मी सरसकट सूट मागत नाही. गोलावर फक्त बृहत्‌वृत्तंच सरळ धरावीत, म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणारी वर्तुळं. उत्तर ध्रुवावरून एक किलोमीटर दक्षिणेला, एक पूर्वेला आणि एक उत्तरेला चाललं की माणूस मूळ जागी येतो, हे जुनं कोडं खरंच आहे. पण त्या वाटेला मी त्रिकोण म्हणणार नाही. पूर्वेकडचं ते चालणं ध्रुवाभोवती सारखं वळत असतं.

आणि हे मोसंबीपुरतं नाही. लातूर, नांदेड आणि परभणी पृथ्वीच्या पाठीवरून जाणाऱ्या सरळ रेषांनी जोडा. कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा सुमारे १५ सेकंदांनी जास्त भरते. एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, फरक अगदी किरकोळ. तरीही १८०२ साली लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मद्रासजवळ सुरू केलेल्या देशाच्या मोजणीत मोठ्या त्रिकोणांसाठी हा जादा कोन हिशेबात धरावाच लागला.

विनंती एवढीच, की कोडं देताना पृष्ठभाग सांगावा. सांगितला नसेल तर रीत बरोबर असलेलं गोलावरचं उत्तरही ग्राह्य धरावं. या कोड्याचं उत्तर येत्या रविवारी दुरुस्त करून छापावं, आणि सोबत मुलींनी पाठवलेली आकृती द्यावी.

आपली,
एक गणित शिक्षिका, अंबड (जि. जालना)