आधी घर दुरुस्तीला पैसे द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा जवळ आला की आमच्या वडोदऱ्यातल्या कारेलीबागेत सगळ्यांचं लक्ष विश्वामित्री नदीच्या लेव्हलकडे असतं आणि पूरग्रस्तांसाठी तात्पुरती घरं बांधा, पत्र्याच्या शेड तयार ठेवा अशी बोलणीही सुरू होतात, म्हणून लिहितेय. ऑगस्ट 2024मध्ये धोक्याची पातळी 25 फूट असताना नदी 35 फुटांच्या वर गेली आणि आमच्या तळमजल्यात तीन दिवस छातीएवढं पाणी होतं. मग आम्ही मांजलपूरला भाड्याने गेलो, महिनाभर म्हणून गेलो आणि पाच महिने राहिलो. 9 हजार भाडं, दलाली, टेम्पो धरून 55 हजार गेले, आणि घर नीट करायचा कडियाचा (गवंड्याचा) अंदाज होता 1 लाख 20 हजार, म्हणजे जवळजवळ अर्धी दुरुस्ती दुसऱ्याच्या घरात गेली. सासूबाई तिथे कुणाला ओळखत नव्हत्या, दिवसभर खिडकीत बसून असायच्या, ते बघवायचं नाही.

सरकारी सर्वेवाले आले, घरवखरीचं (घरातल्या सामानाच्या मदतीचं) लिहून घेतलं, कॅशडोलचं (रोजच्या खर्चाच्या रोख मदतीचं) लिहून घेतलं, भिंतींचं काय विचारलं तर म्हणाले घर पडलेलं नाही ना! अहो घर उभं होतं पण राहण्यासारखं नव्हतं, आणि त्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नाही.

दुरुस्ती म्हणजे नुसता रंग नव्हे हेही सांगते. ओल्या भिंतीवर घाईने सिमेंट मारलं की ओल आत अडकते, शेजारच्यांनी दिवाळीआधी रंग दिला आणि होळीपर्यंत लोणा लागून पोपडे पडले. आम्ही कडियाचं ऐकून चार फुटांपर्यंतचा गिलावा खरवडला, भिंती सुकू दिल्या, लाइटचे बोर्ड पाच फुटांवर घेतले, फुगलेली प्लायवुडची कपाटं टाकून कडप्प्याचे कट्टे केले. पुढच्या पुरात यातलं बरंच वाचेल. आणि सगळं घर होईपर्यंत थांबायचीही गरज नव्हती हे आता कळतंय, एक कोरडी खोली, संडास, पाणी आणि लाइट एवढं झालं असतं तरी आम्ही परत आलो असतो. 2012च्या सँडी वादळानंतर न्यूयॉर्क शहराने हेच केलं, घरोघरी वायरमन आणि प्लंबर पाठवून लाइट, गरम पाणी, हीटिंग चालू करून दिलं आणि हजारो लोक आपल्याच घरात राहिले.

आपल्याकडेही झालंय की. माझी मावशी औशाकडची. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावं नव्याने वसवली त्याबद्दल सगळे बोलतात, पण जवळजवळ 2 लाख घरं लोकांनी सरकारी मदत घेऊन होती तिथेच दुरुस्त आणि मजबूत केली, त्यात मावशीचंही. माळवदावरची (सपाट छतावरची) माती कमी केली, भिंतीत आरपार दगड बसवले. 2001च्या भूकंपानंतर कच्छमध्ये तर आपल्याच गुजरात सरकारने मालकाच्या हातात हप्त्याहप्त्याने पैसे दिले, इंजिनीअरने काम बघितलं की पुढचा हप्ता.

ज्यांचं घर खरंच पडलंय त्यांना शेड हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तिथेही शेजार मोडू नका. जपानात 1995च्या कोबे भूकंपानंतर 48 हजारांवर तात्पुरती घरं उभारली, सोडतीने वाटताना जुने शेजारी पांगले आणि त्या घरांमध्ये 200च्या वर माणसं एकटी वारली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. आणि नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांकडे घराचे कागदच नसतात, दुरुस्तीचा पैसा फक्त कागदावर दिला तर त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही, तिथे लाइटबिल किंवा रेशनकार्ड चालवून घ्यायला हवं.

माझी विनंती एवढीच की जूनच्या आत सर्वेच्या फॉर्ममध्ये 'घर उभं पण राहण्याजोगं नाही' असा रकाना घाला आणि त्याखाली दुरुस्तीचा पहिला हप्ता पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसात द्या. आमच्या गल्लीतली दोन घरं अजून बंद आहेत, भाडं भरता भरता त्यांच्याकडे दुरुस्तीला पैसे उरले नाहीत.

आपली,
एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा