स्ट्रॅडिव्हरीचे साचे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काचेत ठेवलेले वाद्य म्हणजे नुसते लाकूड, हे तुझे म्हणणे मनात घेऊनच मी इटलीतल्या क्रेमोना गावच्या व्हायोलिन-संग्रहालयात शिरलो. तिथून बाहेर पडलो तेव्हा ते अर्धे खोटे ठरले होते आणि उरलेले अर्धे तुला वाटते त्याहून अधिक खरे निघाले होते.

खोटे अशासाठी, की तिथली वाद्ये मुकी नाहीत. त्यांपैकी निवडक व्हायोलिने वेळोवेळी कपाटातून काढून वाजवली जातात आणि त्यासाठी त्याच इमारतीत सभागृह आहे. २०१९ च्या जानेवारीत तिथे चार जुन्या वाद्यांचे स्वर मुद्रित करायचे होते, तेव्हा भोवतालचे रस्ते वाहनांना बंद केले गेले आणि खुद्द महापौरांनी नागरिकांना शांतता राखण्याची विनंती केली. फरसबंदीवरून जाणाऱ्या उंच टाचांचा आवाजदेखील आतल्या मायक्रोफोनला चालणार नव्हता. (एका गावाने शेजारच्या व्हायोलिनसाठी पाय न वाजवता चालावे, ही गोष्ट मला फार आवडली.)

आता खरे अर्धे. क्रेमोनाचा जुना कारागीर आंद्रेआ अमाती याने १५६६ च्या सुमारास फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजासाठी घडवलेले व्हायोलिन आणि त्याच गावचा विख्यात व्हायोलिन घडवणारा स्ट्रॅडिव्हरी याचे १७१५ मधले ‘इल क्रेमोनेसे’ मी डोळे भरून पाहिले. यातले दुसरे एके काळी थोर व्हायोलिनवादक योआखिम याच्याकडे होते. १९६१ मध्ये ते आपल्या गावी परतले. पण अशी जुनी व्हायोलिने आज जशी दिसतात तशी ती घडवणाऱ्याने हातावेगळी केली नव्हती. एकोणिसाव्या शतकात मोठ्या सभागृहांसाठी अधिक ताण आणि अधिक आवाज हवा झाला, तेव्हा बहुतेक सगळ्यांच्या मूळ माना काढून थोड्या लांब आणि मागे कललेल्या माना बसवल्या गेल्या, आणि पोटातली, वरच्या फळीला आतून आधार देणारी ‘बासबार’ ही पट्टीही बदलली.

म्हणून मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो स्ट्रॅडिव्हरीच्या कार्यशाळेतल्या वस्तूंपाशी. तिथे वाद्यांचे कागदी आराखडे आहेत, हत्यारे आहेत आणि लाकडी साचे आहेत. जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या मेपलच्या पट्ट्या गरम करून या साच्यांभोवती वाकवल्या जात आणि व्हायोलिनच्या कडा तयार होत. काम झाले की साचा आतून काढून घ्यायचा. त्यांवर त्याने घातलेली ‘पी’, ‘जी’ अशी अक्षरे अजून वाचता येतात. यांच्या माना कोणी बदललेल्या नाहीत.

या वस्तू क्रेमोनात राहिल्याच नव्हत्या, हे कळल्यावर मात्र मी चकित झालो. स्ट्रॅडिव्हरीचा कापडव्यापारी मुलगा पाओलो याने त्या व्हायोलिनांचा संग्राहक काउंट कोझिओ याला देऊ केल्या त्या एका अटीवर, की त्यांतले काहीही क्रेमोनात राहता कामा नये! बापाच्या गावावर त्याचा एवढा राग का, हे मला उमगलेले नाही. १७७६ पर्यंत व्यवहार पुरा होऊन सारे गावाबाहेर गेले. पुढे जुझेप्पे फिओरिनी या व्हायोलिन घडवणाऱ्याने १९२० मध्ये तो ठेवा स्वतःच्या पैशाने विकत घेतला आणि १९३० मध्ये क्रेमोनाला देऊन टाकला. आठ वर्षांनी तिथे व्हायोलिन घडवण्याचे विद्यालय उघडले.

‘जी’ साच्याचे छायाचित्र सोबत पाठवतो आहे. तुझे व्हायोलिन पालथे घालून त्याची कंबर त्याच्याशी ताडून पाहा, आणि काय दिसले ते मला सविस्तर कळव.

तुझा स्नेही