मॉल ओस पडतात ते गाळेविक्रीमुळे

महोदय,

एखादा मॉल बंद पडला की खापर ऑनलाइन खरेदीच्या माथी फुटते. घरपोच माल तर सगळ्याच मॉलच्या गिऱ्हाइकांना मिळतो. तरीही लोअर परळच्या फिनिक्समध्ये रविवारी गाडी लावायला जागा शोधावी लागते आणि भांडुपचा ड्रीम्स मॉल मात्र ओसाड पडला. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या पाहणीत २०२३ मध्ये ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेली ६४ खरेदी-केंद्रे देशातल्या आठ मोठ्या शहरांत आढळली. दुखणे बऱ्याच ठिकाणी मालकीत आहे.

भाड्यावर चालणाऱ्या मॉलमध्ये किमान भाडे आणि वर विक्रीतला वाटा, असा करार असतो. दुकानांचा धंदा बसला की मालकाचाही गल्ला घटतो. म्हणून तो न चालणारे दुकान बदलतो आणि दोन टोकांना दोन मोठी दुकाने बसवतो, तीही भाड्यात घसघशीत सूट देऊन, कारण त्यांच्याकडे जाणारी माणसे मधल्या छोट्या दुकानांवरून जातात. गाळे विकणाऱ्या बिल्डरला यातले काहीच करायची गरज नसते. ड्रीम्समध्ये हजारावर गाळे होते आणि तितकेच धनी. अशा मॉलमध्ये चपलांच्या दुकानाशेजारी इस्टेट एजंट, त्याच्या शेजारी कुलूप, हे चित्र दोन-तीन वर्षांत दिसू लागते. (एकच मालक असला की सगळे सुरळीत, असेही नाही. हाजी अलीचे १९९९ चे क्रॉसरोड्स पुढे सोबो सेंट्रल झाले आणि कर्जापायी बँकेने लिलावाला काढले.)

गाळा घेणाऱ्याचे गणित पाहा. ३०० चौरस फूट सुपर बिल्टअप (पॅसेज-जिन्यांचा वाटा धरून विकलेली जागा), त्यात ६० टक्के लोडिंग (चटई क्षेत्रावर चढवलेला तो वाटा), म्हणजे हातात चटई क्षेत्र, अर्थात प्रत्यक्ष वापरायची जागा, साधारण १८७. देखभाल खर्च मात्र ३०० वर. दर २० रुपये धरला तर महिन्याला सहा हजार, शटर उघडो वा न उघडो. भाडेकरू मिळेना की मालक हात आखडता घेतो. थकबाकीची सुरुवात बहुधा सर्वांत वरच्या मजल्यापासून होते. तिजोरीत पैसा नसला की व्यवस्थापन आधी वर जाणारा सरकता जिना थांबवते, आणि त्या मजल्यावर उरलेली दोन-चार दुकानेही गिऱ्हाईक चढत नाही म्हणून उठतात.

त्यानंतर एसी. चिलर, म्हणजे सगळ्या मॉलला थंडावा पुरवणारे मुख्य यंत्र, पूर्ण भरलेल्या मॉलच्या हिशेबाने बसवलेला असतो. निम्म्याहून जास्त दुकाने बंद असली की इतक्या कमी भारावर तो वरचेवर ट्रिप होतो, आणि त्याचे बिल उरलेल्यांच्या माथी बसते. अखेर तो बंद करून जो तो आपापला स्प्लिट एसी लावतो. बाहेरचे युनिट पॅसेजमध्ये, वायर फॉल्स सीलिंगवरून ओढलेली, केबलला तेवढा भार झेपेल का हे कुणी पाहिलेले नसते. रिकामे गाळे गोदाम म्हणून दिले जातात. दुकानाच्या मजल्याचा भार चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास धरलेला असतो. कागदाचे खोके पाच फुटांपर्यंत रचले की तो दुपटीच्या वर जातो. जिन्यातही खोकी येतात, मागच्या दाराला साखळी पडते.

सर्वांत घातक गोष्ट तळघरातल्या पंपरूममध्ये घडते. आगीच्या पाइपलाइनमधला दाब किंचित उतरला की छोटा जॉकी पंप आपोआप सुरू होतो, फारच उतरला की मुख्य पंप. लाइन कुठेतरी गळत असेल तर जॉकी दर पाच-दहा मिनिटांनी चालू-बंद होत राहतो. गळती शोधायला पैसे नाहीत, म्हणून पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवला जातो, अनेकदा मुख्य पंपाचाही. मग आगीत छतातला स्प्रिंकलर (पाण्याचा फवारा) फुटला तरी पाणी तेवढेच, जेवढे पाइपात उरले. मॉलमधली आग हाताबाहेर गेली तर काय होते ते ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटरने दाखवले. ती विझवायला दोन दिवसांहून अधिक लागले. पुढच्याच मार्चमध्ये ड्रीम्समध्ये आग लागली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या रुग्णालयातल्या रुग्णांचे बळी गेले.

राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचा ‘फॉर्म बी’, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. महापालिकेने तो मॉलच्या दारात लावायला भाग पाडावे, आणि ज्या मॉलचा आला नाही तिथे त्याच महिन्यात माणूस पाठवून मुख्य पंप ऑटोवर चालतो का ते बघावे. एक व्हॉल्व्ह उघडून दाब उतरवायचा, बस्स. दहा मिनिटांचे काम आहे.

गाळेधारकांना आजही वाट आहे. एका मजल्यावरच्या सगळ्यांनी गाळे एकत्र करून एकाच मोठ्या भाडेकरूला नऊ वर्षांच्या करारावर द्यावेत, भाडे चटई क्षेत्राच्या प्रमाणात वाटून घ्यावे. घोडे अडते ते मधल्या दोन-तीन गाळ्यांच्या मालकांपाशी, कारण त्यांच्या भिंती पाडल्याशिवाय सलग जागा होत नाही. त्यांना वाटा थोडा जास्त देऊन तिढा सोडवावा. रिकाम्या गाळ्याची देखभाल भरत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

नव्या मॉलमध्ये गाळा बघायला जाणाऱ्यांनी त्याच बिल्डरचा आधीचा मॉल मंगळवारी दुपारी तीनला बघून यावा. सगळ्यात वरच्या मजल्यावर जावे, तेही सरकत्या जिन्याने, चालू असला तर.

– एक वाचक, मुलुंड