पांढरीची माती उचलण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाला गेल्या महिन्यात जेसीबी लागला. दोन दिवसांत तीसेक ट्रॉल्या माती शेतांत पसरली. माती कसदार असते, पूर्वीही लोक नेत. माझी आई त्याच टेकाडाची माती पाटीने आणून माळवदावर टाकायची. पण पाटीने माती नेणे वेगळे आणि अख्खी कड एका सकाळीत कापून काढणे वेगळे. मी गावात हा विषय काढला, तर एकच प्रश्न आला, "तिथं काय सोनं निघालंय का?" त्याचे उत्तर नीट द्यावे म्हणून हे पत्र.

मी घोड नदीकाठचा शेतकरी. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती, हे आपल्याकडचे जुने बोलणे. पांढरी पांढुरकी का, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती तिच्यात मुरलेली असते. आमच्या तालुक्यातल्या इनामगावला अशाच टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. माझे वडील दोन हंगाम तिथे मजुरीला होते. कुदळ-फावड्याच्या माणसाला खुरपे आणि ब्रश देऊन बसवले म्हणून आधी ते वैतागले. पुढे मात्र आम्हालाच शिकवू लागले, की मातीचा रंग बदलला की हात थांबवायचा.

एका संध्याकाळी ते घरी आले आणि न जेवता ओट्यावर बसून राहिले. त्या दिवशी एका घराच्या जमिनीखाली दोन मडकी निघाली होती, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत तान्ह्या लेकराची हाडे. माझ्या पाठची बहीण सहा महिन्यांची होऊन गेली, त्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. वडील आईला म्हणाले, "त्यांनाबी लेकरू लांब टाकवलं नाय. घरातच ठिवलं." तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल आमच्या घरात झालेले ते पहिले बोलणे.

आता विचार करा, तीच मडकी जेसीबीच्या बकेटमधून ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून उसाच्या रानात पडली असती, तर काय राहिले असते? खापरांचा चुरा. मडके घराच्या जमिनीखाली होते, दुसऱ्या मडक्याच्या तोंडाला तोंड लावून होते, हे जागेवर दिसले म्हणून एका आईबापाचे मन कळले.

इनामगावच्या त्या लोकांचे एक अक्षर लिहिलेले सापडलेले नाही. तरी त्यांच्याबद्दल किती कळले आहे! जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून कळले की जव हे त्यांचे मुख्य पीक. पाण्याचा पाट सापडला, धान्याचे कोठार सापडले. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसवलेला माणूस. एरवी मोठ्या माणसांना जमिनीत उताणे पुरत, पुष्कळदा घोट्याखालून पाय तोडून. याला मात्र रांजण, अंगण, मोठे घर आणि तिथेच कोठार. हा वस्तीतला मोठा असामी असणार, हे त्या सगळ्या गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून सांगता येते. वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीच्या जनावरांची हाडे वाढली. पाऊस कमी होत गेला असावा, असे अभ्यासक सांगतात. इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास वस्ती उठली. आमच्या भागातल्या ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला, त्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच्या उलट गोष्ट दायमाबादची. प्रवरेकाठच्या त्या गावी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यावर उभा माणूस, शिवाय हत्ती, गेंडा, रेडा. वजन चारही मिळून ६० किलोच्या वर. इतक्या देखण्या वस्तू आपल्या भूमीत फार थोड्या निघाल्या आहेत. पण त्या रीतसर उत्खननाच्या थरातून आल्या नाहीत, म्हणून नेमक्या कोणत्या काळच्या यावर विद्वानांत वाद झाला. त्या शेतकऱ्याला बोल लावावा असे यात काही नाही. आपल्या हाती काय लागते आहे, हे त्याला आधी कोण सांगणार होते? साठ किलो ब्राँझला जे नीट सांगता येत नाही, ते इनामगावचा जवाचा दाणा सांगतो, कारण तो जिथे पडला तिथेच सापडला.

कापलेल्या कडेखाली मला मिळालेले एक खापर हे लिहिताना समोर आहे. तळहाताएवढे, वरून तांबूस, त्यावर काळ्या रंगाच्या तिरक्या रेघा. आतून बोट फिरवले की चाकावर कुंभाराची बोटे फिरली त्या वळ्या लागतात. टिचकी मारली की खणखणते, म्हणजे भट्टी चांगली तापलेली होती. इनामगावला कुंभाराची भट्टीसुद्धा सापडली आहे. इतका सफाईदार हात असलेला माणूस दिवसभर चाकावर बसत असेल, तर त्याच्या पोटासाठी दुसरा कुणीतरी जव पिकवत होता. बलुत्याचा व्यवहार आमच्या आजोबांपर्यंत चालत आला. त्याचा आरंभ मला या वळ्यांत दिसतो.

१८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरांना कळवावे लागते. नाण्यांचा हंडा निघाला की गाव लोटते, वर्तमानपत्रात फोटो येतो. खापराला बाजारात दहा पैसे कुणी देणार नाही, म्हणून कुणी कळवत नाही आणि कुणी विचारत नाही.

माझे मागणे मोठे नाही. पांढरीच्या टेकाडाला मशीन लावण्याआधी ग्रामपंचायतीने पुरातत्त्व खात्याला कळवावे आणि कुणी येऊन पाहून जाईपर्यंत माती थांबवावी. मशीन चालवणाऱ्या पोरांना एवढे सांगावे की राखेचा पट्टा, चूल किंवा अख्खे मडके दिसले की बकेट वर घ्या. खापर उचललेच, तर कुठून आणि किती खोलीवरून हे लिहून ठेवावे. आणि आपण, संपादक महोदय, हंड्याची बातमी छापाल तेव्हा शेजारी पडलेल्या खापरांचेही दोन ओळींत विचारा.

टेकाडाचा पूर्वेकडचा निम्मा भाग अजून शाबूत आहे. मी उचललेली अकरा खापरे चिठ्ठ्या लावून घरी ठेवली आहेत. चिठ्ठीवर गट नंबर, तारीख आणि कडेच्या माथ्यापासूनची खोली फुटांत लिहिली आहे. खात्याचे कुणी आले तर जागा दाखवायला मी सोबत येईन.

आपला,
एक शेतकरी
शिरूर तालुका, जि. पुणे