बोट्रॉपच्या बाईंना

आदरणीय बाई,

हे पत्र मराठीत आहे, तेव्हा तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जर्मनीत, बोट्रॉपच्या योझेफ आल्बर्स संग्रहालयात, एकात एक चौकोनांच्या चित्रांच्या दालनात तुमची ड्यूटी होती. व्हीलचेअरवरचे म्हातारे गृहस्थ माझे बाबा. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली त्यांनी. चित्रकार आल्बर्सवर त्यांचा भारी जीव, कारण तोही आधी याच गावात शाळामास्तर होता. बाउहाउस ही जर्मन कलाशाळा, अमेरिकेतलं ब्लॅक माउंटन कॉलेज, येल विद्यापीठ, इथलं शिकवणं हे सगळं नंतरचं. रंग शिकवताना तो मुलांच्या हाती रंगीत कागद द्यायचा. एकच तुकडा आधी गडद कागदावर ठेवा, मग फिक्या, आणि बघा कसा पालटतो. बाबांच्या वर्गात घोटीव कागद कापून आम्हीही हेच केलंय.

याआधी एका दुसऱ्या संग्रहालयात आम्हाला मालाच्या लिफ्टने आत घेतलं आणि खुर्ची वाटेत येते म्हणून कोपऱ्यात उभं केलं. "अमूर्तच आहे, लांबूनही तेच दिसतं," असं एकजण वर म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत. मला ते अजून डाचतंय.

तुमच्याकडे बाबा पिवळ्या चौकोनांपुढे मान वाकडी करकरून बघत होते. तुम्ही जवळ आलात तेव्हा वाटलं, झालं, आता मागे व्हायला सांगणार. तुम्ही चक्क खुर्चीशेजारी उकिडव्या बसलात. बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्राकडे पाहिलंत. तिथून दिव्याची तिरीप नेमकी रंगावर चकाकत होती. मग खुणेनेच विचारलंत, सरकवू का? विचारलंत तेही बाबांना, खुर्ची ढकलणाऱ्या मला नाही! एरवी सगळे माझ्याशीच बोलतात, जणू बाबा म्हणजे सामान. खुर्ची वीतभर डावीकडे गेली आणि आतला चौकोन असा पुढे आला की बाबा मोठ्याने "अरे!" म्हणाले.

वीतभरच. पण आल्बर्सच्या चित्रात तेवढ्याने फरक पडतो. बासष्टाव्या वर्षी, 1950 साली त्याने ही चौकोनांची मांडणी हाती घेतली ती 1976 मध्ये जाईपर्यंत सोडली नाही. हार्डबोर्डाच्या खरखरीत बाजूवर सुरीने रंग लावायचा, बहुतेकदा ट्यूबमधून निघाला तसाच, आणि कुठल्या कंपनीचा कुठला रंग ते मागे लिहून ठेवायचा. इतक्या काटेकोर माणसाची चित्रं कोपऱ्यातून बघा म्हणणाऱ्याला काय म्हणावं!

तुम्ही हे कुठल्या नियमात बसवून केलं नसणार. समोरच्याला काय दिसतंय ते आधी खाली बसून पाहावं, एवढं सुचायला माणूस मुळात सभ्य लागतो. तशी माणसं भेटतात, म्हणून म्हाताऱ्या माणसाला घेऊन बाहेर पडायची हिंमत होते.

मनापासून आभार. बाबांचाही निरोप आहे: त्या पिवळ्या चित्रावरचा दिवा जरा वर उचलून घ्या. मास्तर आहेत, चूक काढल्याशिवाय आभार मानता येत नाहीत त्यांना.