ल्यूबेकला दोन तास पुरत नाहीत

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला उत्तर जर्मनीवरचा लेख वाचला. फोटो मस्त आहेत, लेखही वाईट नाही, पण ल्यूबेकला दोन तास, लगेच बसमध्ये आणि मग हॅम्बुर्गला शॉपिंग असा जो कार्यक्रम दिलाय तो वाचून राहवलं नाही. मी हाच भाग एकटीने सायकलवर फिरलेय, वय पन्नाशीच्या पुढचं, गुडघे जेमतेम, सायकल भाड्याची, तेव्हा हे फक्त फिट लोकांचं काम आहे असं कुणी समजू नये. बहुतेक रस्ता सपाटच आहे.

लेखात ल्यूनेबुर्ग, ल्यूबेक आणि विस्मार हे तीन सुटे सुटे पॉइंट म्हणून आलेत, एक टाऊन हॉल, एक दरवाजा, एक चौक. पण ल्यूनेबुर्ग आणि ल्यूबेक जोडली गेली ती मिठाने. ल्यूनेबुर्गच्या पोटात मिठाचं पाणी, ते उकळून मीठ काढायचे, आणि तिकडे आजच्या दक्षिण स्वीडनच्या किनाऱ्यावर हेरिंग मासा ढिगाने मिळायचा पण मीठ नसेल तर टिकणार कसा? त्यात ख्रिस्ती उपवासाला मटण बंद, मासे चालतात, म्हणजे खारवलेल्या हेरिंगला अख्ख्या युरोपात गिऱ्हाईक. ल्यूनेबुर्गचं मीठ ल्यूबेकला यायचं आणि तिथून जहाजाने पुढे. त्या पैशावर ल्यूबेक हान्झा म्हणजे व्यापारी शहरांच्या संघाचं मुख्य शहर झालं, १६६९ साली संघाची शेवटची सभाही तिथेच भरली. आणि हा मिठाचा रस्ता आज पाट्या लावलेला सायकल रूट आहे, ल्यूनेबुर्ग ते ल्यूबेक, शंभरेक किलोमीटर!

ल्यूनेबुर्गमध्ये सायकल हातात धरून चालायचं आणि घरांकडे बघायचं. शेकडो वर्षं जमिनीखालचं मीठ उपसल्यामुळे गावाचा एक भाग खचतोय, भिंती पोट सुटल्यासारख्या बाहेर आल्यात, सेंट मिखाएल चर्चमधले खांबसुद्धा कललेत. मिठाचा कारखाना १९८० साली बंद झाला, आता तिथे म्युझियम आहे, ते चुकवू नका.

पुढे लाउएनबुर्गला एल्बे नदी ओलांडली की कालवा लागतो. मीठ आधी बैलगाड्या-घोडागाड्यांनी जायचं, मग १३९८ मध्ये नद्या जोडणारा कालवा पुरा झाला आणि नावा सुरू झाल्या. आजचा कालवा १९०० सालचा आहे पण बराचसा त्या जुन्याच वाटेने जातो. काठाने रस्ता, एका बाजूला पाणी, मधूनच एखादी मालवाहू बोट येते आणि बराच वेळ तुमच्या बरोबरीने चालते, तिला घाई नाही आपल्यालाही नाही. वाटेत म्योल्न हे गाव लागतं. थोडी वाट वाकडी केली तर रात्सेबुर्ग, तळ्यातल्या बेटावरचं गाव, तिथलं विटांचं कॅथेड्रल बाराव्या शतकातलं. या सगळ्या पट्ट्यात बांधकामाचा दगड मिळत नाही, म्हणून चर्च, दरवाजे, गोदामं सगळं भाजलेल्या विटांचं. संध्याकाळच्या उन्हात काय लाल दिसतं ते!

रस्ते मात्र जुन्या गावांत गोलसर दगडांचे. दिसायला सुंदर, सायकलवर हाडं खिळखिळी. हँडल थरथरतं, घंटी आपोआप वाजते, आणि एकदा मागच्या कॅरियरचा स्क्रू सैल होऊन बॅग चाकाला घासायला लागली, तेव्हापासून रोज सकाळी सगळे स्क्रू ॲलन कीने आवळूनच निघायचे. टायर जरा रुंद घ्या. आणि निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल दिसली की तो सायकलचाच रस्ता, तिथूनच जायचं, गाड्यांच्या रस्त्यावर गेलात तर लोक हॉर्न वाजवून सांगतात.

एकटीला भीती नाही वाटली का, हे सगळे विचारतात. भीती सोडा, खरी अडचण भलतीच असते, टॉयलेटला किंवा चर्चमध्ये जायचं तर भरलेली सायकल सांभाळणार कोण? माझा उपाय असा की पासपोर्ट, पैसे, फोन पुढच्या छोट्या बॅगेत, ती हँडलवरून खट्कन निघते, खांद्याला लावायची आणि आत जायचं. मागच्या बॅगांत कपडेच, त्यांना एक वायरचं लॉक पुरतं. बाकी एकटं असण्याचा फायदाच जास्त, कुठे किती वेळ बसायचं ते कुणाला विचारायला नको.

ल्यूबेकमध्ये तर मी बसूनच राहिले. तुमच्या फोटोतल्या होल्स्टनटोर दरवाजाच्या बाजूला नदीकाठी विटांच्या सहा इमारती उभ्या आहेत, फोटोत त्या अर्ध्या कापल्या गेल्यात, ती मिठाची गोदामं! मीठ काढायचे तिथून सायकल मारत येऊन त्यांच्यासमोर उतरलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. फोटोखाली दरवाजाचे बुरूज बॉम्बहल्ल्यात कलले असं छापलंय ते चूक आहे, खालची जमीन दलदलीची म्हणून ते कललेत, दरवाजा १४६४ ते १४७८ च्या दरम्यान बांधला.

बॉम्बहल्ला झाला हे खरंच, १९४२ च्या मार्चमध्ये, पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या रात्री ब्रिटिश विमानांनी. त्याच्या खुणा बघायच्या तर मारियनकिर्श या चर्चमध्ये जा. आग लागून मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या, त्या अजून पडल्या तिथेच ठेवल्यात, एक फुटून तुकडे झालेली, फरशीत रुतलेली, कडा वितळल्यासारख्या वाकड्या. पुढे जाळीचा दरवाजा आहे. बसवाले ग्रुप आले, गाईडने दोन वाक्यं सांगितली आणि गेले. मी तिथे किती वेळ होते मलाच माहीत नाही.

ल्यूबेकजवळच्या ट्राव्हेम्युंडे बंदराहून फेरीबोटीत सायकल चढवून पलीकडे गेलं की थोड्याच अंतरावर जुनी पूर्व-पश्चिम जर्मनीची सीमा. आता कुंपण नाही काही नाही, एक तपकिरी पाटी दिसते, इथे १९८९ पर्यंत जर्मनी आणि युरोप दुभागलेले होते अशा अर्थाची. तिथून विस्मारपर्यंत समुद्रकाठ. विस्मार १६४८ ते १८०३ स्वीडनकडे होतं, मग स्वीडनने ते चक्क गहाण टाकलं आणि कायमचा हक्क सोडला तो १९०३ मध्ये. तिथेही मारियनकिर्श नावाचं चर्च होतं, त्याचा नुसता मनोरा उभा आहे, युद्धात मोडलेला बाकीचा भाग पूर्व जर्मनीच्या सरकारने १९६० साली सुरुंग लावून पाडला.

कुणाला जायचंच असेल तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जा, वारा बहुतेक वेळा पाठीशी राहतो. मे ते सप्टेंबर बरं, जूनमध्ये रात्री साडेनऊला लख्ख उजेड असतो. रविवारी दुकानं बंद, खायचं शनिवारीच घेऊन ठेवा. परतताना रीजनल ट्रेनमध्ये सायकल नेता येते पण तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं, आणि डब्यावर सायकलचं चित्र असेल तिथेच चढायचं, नाहीतर प्लॅटफॉर्मवर बॅगांसकट पळापळ होते.

आपली एक जुनी वाचक