त्या बुलेटच्या आवाजाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गल्लीतला तो मुलगा रात्री धडधडत बुलेट नेतो, त्यावरून तुम्हा दोघांचं काही जमत नाही, हे फोनवरही कळतं. बाबांना जाऊन खडसवायचंय आणि आई, तू म्हणतेस, जाऊ दे, पोरंसोरं आहेत. मला दोन्ही पटत नाही. भांडून सायलेन्सर बदलत नाही, आणि तुमच्या वयात मुकाट्याने सोसावा असा हा आवाजही नाही.

आधी तो येतो कुठून ते सांगते. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. मिनिटाला ३००० फेरे असतील तर सेकंदाला २५ स्फोट. प्रत्येक स्फोटानंतर एक्झॉस्ट व्हॉल्व उघडला की दाबाचा धक्का नळीत शिरतो. कंपनीच्या सायलेन्सरच्या पोटात कप्पे, आडवे पत्रे, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. धक्का त्यात आपटत, वळत, विरत बाहेर पडतो. आतली पुंगळी काढली की तो थेट रस्त्यावर येतो. त्यात खर्ज जास्त, म्हणून खिडकी लावली तरी काच थरथरते आणि जाड पडद्याचाही उपयोग होत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये सोलापुरात खिडक्या लावून झोपणार तरी कोण?

बाबा, पूर्व भागात रात्रभर माग खडखडायचे तरी लोक झोपायचे, हे तुमचं म्हणणं खरं आहे. (त्या खडखडाटाने विणकरांचे कान गेले, हेही तितकंच खरं.) पण मागाची लय ठरलेली असते, झोप तिला सरावते. रात्री साडेअकराला अचानक आलेल्या धडाक्याला शरीर सरावत नाही. छाती धडधडते, रक्तदाब वर जातो आणि मोडलेली झोप या वयात लवकर लागत नाही.

आता अधिकाराचं. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, फिरायची हौसही त्याची. त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही. कंपनीतून येणारी बुलेटही दुगदुगतेच, तरी १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठी चाचणीत साडेसात मीटरवर ठरलेली ८० डेसिबलची मर्यादा ती पाळते. म्हणजे आवाजाची हौससुद्धा नियमात भागते. पुंगळी काढल्यावर समजा तो ९५ झाला. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे तीस मीटरवरच्या घरातही ८३ पोचणार, आणि आपल्या अरुंद बोळात भिंती तो परतवतात म्हणून त्याहून जास्त. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या ध्वनिप्रदूषणाच्या निकालात स्पष्ट सांगितलंय की घरात शांतपणे राहणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तरीही डेसिबलच्या वादात पडू नका. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ आहे, पण ती सरासरीची. दहा सेकंदांत निघून गेलेली गाडी सरासरी फारशी हलवत नाही, आणि मोबाइलवरच्या ॲपचं मोजमाप कुणी ग्राह्य धरत नाही. वाहन कायद्याची बाजू जास्त भक्कम आहे. बदललेला सायलेन्सर गाडीवर डोळ्यांना दिसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र.

पण तक्रारीआधी एकदा बघा की ही हौस आहे की बिघाड. सायलेन्सर आतून गंजूनही फुटतो. गाडी रोज थोडीच चालली की पाणी आत साठतं, खालचं बारीक भोक चिखलाने बुजलेलं असलं की पत्रा सडतो. इंजिनाला नळी जोडते तिथे काळी काजळी दिसली आणि आवाज फटफट येत असला, तर गॅस्केट, म्हणजे सांध्यातली चकती, गेलेलं आहे. इंजिन गार असताना नवीन गॅस्केट टाकून दोन्ही नट आळीपाळीने सारखे आवळले की काम झालं. खर्च किरकोळ. बाजारातला सायलेन्सर असेल तर मागच्या तोंडाशी एक बोल्ट किंवा सर्क्लिप (अडकवायची कडी) असते, तिथे काढलेली पुंगळी परत बसते. मात्र कंपनीचाच सायलेन्सर कापून आतले पत्रे काढले असतील तर नवीनच घ्यावा लागतो.

त्याच्या वडिलांशी दिवसा बोला, आणि आई, तूही सोबत जा. मुलगा मध्येच ‘फटाके’ फोडतो, तेही सांगा. चालत्या गाडीत किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण, बंद-चालू केला की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन भडकतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत त्याच नळीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. असे भडके होत राहिले की त्याची जाळी वितळते. तो भाग महाग असतो, बापाला हे लगेच कळेल.

फरक पडला नाही तर अर्ज. गाडीचा नंबर, रंग, तारखा, वेळा आणि कुठून कुठे जाते एवढंच लिहा. मुलाच्या स्वभावावर एक शब्द नको. शेजारच्या दोन-चार ज्येष्ठांच्या सह्या घ्या. एक प्रत पोलीस ठाण्याला, एक शहर वाहतूक शाखेला, एक आरटीओला द्या आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. रात्री गाडी समोर असेल तर ११२ ला फोन करा. गाडी अडवायला मात्र रस्त्यावर उतरू नका, बाबा, हे अगदी कळकळीने सांगते.

आणि बाबा, तुमच्या कानाच्या मशीनचं. मशीन मोठा आवाजही मोठा करून देतं आणि तो कानात टोचतो, म्हणून तुम्ही ते काढूनच ठेवता. मशीन वापरणं सोडू नका. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकणं तपासून मशीन देणाऱ्याला, सांगा की मोठ्या आवाजाची कमाल मर्यादा खाली आणा. मशीन कॉम्प्युटरला जोडून ते जागच्या जागी करतात. जाताना जुना ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) सोबत न्या, तो हिरव्या फायलीत आहे.

तुमची,
लेक